आधी जागा, मग आकडा

माप द्यायला उभं राहिलेलं माणूस तेवढ्यापुरतं बदलतं. कमरेला टेप लागली की पोट आपोआप आत जातं, छाती पुढे येते, खांदे मागे सरतात. कुणी तसं सांगितलेलं नसतं. टेप सुटली की सगळं पुन्हा आपापल्या जागी येतं. कपडा मात्र त्या दोन-चार क्षणांच्या शरीराला बसेल असा कापला जातो, आणि घालायचा असतो तो दिवसभर वाकणाऱ्या, बसणाऱ्या, जेवणाऱ्या, खुर्चीत कलंडणाऱ्या शरीराने. काखेत काचतं, पाठीवर ताण येतो, बसलं की पँट मागून खाली उतरते. यातल्या बऱ्याच तक्रारींची सुरुवात कात्री हातात घेण्याआधीच, त्या टेपपाशी झालेली असते.

मी घरी शिवते. माझे कपडे, घरच्यांचे, अधूनमधून मैत्रिणींचे. शिवण्याइतकंच मला माप घेणंही आवडतं, आणि ते शिवण्याहून अवघड आहे असं माझं मत होत गेलं आहे. वाकडी शिवण उसवून पुन्हा घालता येते. आत माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, ठेवली असेल तर कपडा सैलही करता येतो. पण माप ज्या जागेवर घ्यायचं ती जागाच चुकली, तर पुढचं काम कितीही चोख झालं तरी कपडा दुसऱ्याच कुणाचा तरी होतो. ज्यांना सुईत दोराही ओवायचा नाही त्यांचीही यातून सुटका नाही. कपडे घरबसल्या मागवायचे असोत, दूरच्या शिंप्याला मापं कळवायची असोत किंवा दुकानात ट्रायल न घेता विकत घ्यायचं असो, घरी घेतलेलं माप लागतंच.

आकडे छापलेली टेप तशी फार जुनी नाही. त्याआधी युरोपातले शिंपी प्रत्येक गिऱ्हाईकासाठी चर्मपत्राची किंवा कागदाची एक लांब पट्टी ठेवत. छातीच्या मापाला एक खाच, कमरेला दुसरी, बाहीला तिसरी. पट्टीवर एकही आकडा नसे. ती पट्टी त्या एका माणसाची आणि त्याच्याशिवाय कुणाच्याही उपयोगाची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत आकड्यांची टेप सर्रास वापरात आली आणि माप माणसापासून सुटं झालं. ते लिहून ठेवता येऊ लागलं, दुसऱ्याच्या मापाशी ताडून बघता येऊ लागलं, त्याचे तक्ते होऊ लागले. १८६३ मध्ये एबेनेझर बटरिक या अमेरिकी शिंप्याने वेगवेगळ्या साइझमधले कागदी नमुने विकायला काढले. तोवर असे नमुने एकाच मापाचे मिळत; ते लहान-मोठे करून आपल्या अंगाला लावून घेणं ज्याचं त्याने बघायचं. तिथून लेबलवरच्या नंबरापर्यंत पोचायला फार वळणं घ्यावी लागली नाहीत.

त्या नंबराच्या मागे काय आहे, हे एकदा बघून घ्यावं. १९३९-४० मध्ये रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी अमेरिकी सरकारसाठी सुमारे १५,००० स्त्रियांची मापं गोळा केली, प्रत्येकीची ५९. काम कसून केलेलं होतं. तरी अंतिम हिशोबात फक्त गोऱ्या स्त्रियांची मापं धरली गेली, बाकीच्या जणींची बाजूला ठेवली गेली. मुख्यतः याच आकड्यांच्या आधाराने १९५८ मध्ये तिथे स्त्रियांच्या तयार कपड्यांसाठी प्रमाण तक्ता आला. त्यात ८ नंबरची छाती ३१ इंच होती. आज त्याच नंबराचा कपडा कितीतरी मोठा असतो, कारण लेबलवर लहान नंबर दिसला की गिऱ्हाईकाला बरं वाटतं. १९८३ मध्ये तो तक्ता अधिकृतपणे मागे घेतला गेला. आता प्रत्येक कंपनीचा तक्ता आपापला, म्हणून एका ठिकाणची मीडियम दुसऱ्या ठिकाणी लार्ज होते.

याहून मोलाची गोष्ट मला वैमानिकांच्या मापांत सापडली. १९५० मध्ये अमेरिकी हवाई दलाने ४,००० हून जास्त वैमानिकांची मापं घेतली होती. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यांतली कपड्यांच्या दृष्टीने उपयोगी अशी १० मापं निवडली आणि दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती जण आहेत ते तपासलं. आसपास म्हणजे अगदी सढळ, मधले सुमारे ३० टक्के. असा वैमानिक एकही निघाला नाही. एकाची छाती सरासरी तर हात लांब, दुसऱ्याचे हात सरासरी तर कंबर बारीक. १९५२ च्या त्याच्या अहवालातली ही गोष्ट मी ट्रायल रूममधून हिरमुसून बाहेर आलेल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला सांगते. ज्या शरीरासाठी तक्ता केलेला असतो ते शरीर कुठे अस्तित्वातच नसतं, तर आपलं त्यात न बसणं हा आपला दोष कसा असेल?

म्हणजे स्वतःचं माप स्वतःच घ्यायला हवं. आणि टेप हातात आली की आकडा वाचायची घाई होते. तिथेच थांबायला हवं.

आल्फोन्स बर्तियाँ याने १८८० च्या दशकात पॅरिसच्या पोलिसांत गुन्हेगार ओळखण्यासाठी अंगाची ११ मापं घेण्याची पद्धत बसवली. मापं बहुतेक हाडांची, म्हणजे न बदलणारी. उपकरणं धातूची, माणसं शिकवून तयार केलेली. तरीही एकाच माणसाची दोन जणांनी घेतलेली मापं नेहमी जुळत नसत. ही त्या पद्धतीची मोठी कमजोरी ठरली आणि पुढे बोटांच्या ठशांनी तिची जागा घेतली. आपण तर मऊ अंगावर मऊ टेप गुंडाळतो. आकडे न जुळण्याचं कारण बहुतेक वेळा हात थरथरणं नसतं; दोघांनी खांदा वेगवेगळ्या ठिकाणी संपवलेला असतो. म्हणून शरीरमापनाची मोठी सर्वेक्षणं होतात तेव्हा आधी अंगावर पेनाने खुणा काढतात आणि टेप नंतर बाहेर येते. घरीही हेच करावं. पाण्याने जाणारं पेन किंवा चिकटपट्टीचे बारीक तुकडे पुरतात.

मान पुढे झुकवा. पाठीच्या वरच्या टोकाला एक हाड बोटाला ठसठशीत लागतं, बहुतेकांत तो मानेचा सातवा मणका असतो. पाठीची उंची इथून सुरू होते. मग हात बाजूला खांद्याच्या पातळीपर्यंत उचला. खांद्याच्या टोकाशी एक खळगा पडतो, तो खांद्याचा शेवट. हात खाली घेताना ती जागा बोटाने धरून ठेवायची आणि खूण करायची. इथे अंदाजाने गेलं की खांदा हमखास एक-दोन सेंटिमीटर दंडावर उतरतो, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, खाली सरकतो आणि हात वर केला की अख्खा कपडा वर येतो. मनगटाला करंगळीच्या बाजूचं उंच हाड धरायचं. बाहीचं माप घेताना कोपर थोडं वाकवायचं, कारण वाकलेल्या हाताला सरळ हातापेक्षा जास्त लांबी लागते आणि हात दिवसभर वाकलेलाच असतो.

कंबर सगळ्यांत फसवी. एक बारीक इलॅस्टिक कमरेला सैलसर बांधून दोन्ही बाजूंना वाकावं, थोडं हलावं. ते आपणहून जिथे स्थिरावतं ती कपड्याच्या दृष्टीने कंबर. सगळी मापं होईपर्यंत ते काढायचं नाही, कारण पुढची उंची, मागची उंची, आसन (पँटचा कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग), सगळं त्याच्यापासूनच मोजायचं आहे. आरोग्य तपासणीतली कंबर वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत ती शेवटची बरगडी आणि कमरेचं वरचं हाड यांच्या बरोबर मध्ये घेतात. पँट जिथे नेसतो ती जागा बहुतेकांची तिसरीच, बेंबीच्याही खाली. तिन्ही आकडे खरे असतात. म्हणून वहीत नुसतं ‘कंबर’ लिहून भागत नाही, कुठली ते लिहावं लागतं.

सीटचं माप कमरेच्या हाडावर नाही, तर आरशात बाजूने बघून जिथे सगळ्यांत जास्त भराव दिसतो तिथे. पोट त्याहून पुढे येत असेल तर पोटासमोर एक ताठ पुठ्ठा उभा धरून टेप त्याच्यावरून फिरवायची. नाहीतर कपडा सीटला बसतो आणि पोटावर अडतो.

आता थोडा हिशोब. वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढते, परिघ त्याच्या सव्वासहा पटीहून थोडा जास्त वाढतो. म्हणजे अंगावर २ मिलिमीटर जाडीचा कपडा ठेवून माप घेतलं, तर घेर सुमारे सव्वा सेंटिमीटरने वाढून येतो. ‘अंगात पातळच आहे, घे वरूनच’ हे म्हणायला सोपं, पण पातळशा स्वेटरने छाती मोठी होते ती अशी. नेहमीचे आतले कपडे घालून घेतलेलं माप सगळ्यांत उपयोगी, कारण बाहेरचा कपडा शेवटी त्यांच्यावरच चढणार.

टेप तिरकी झाल्याचा परिणाम मला जास्त रोचक वाटतो. अंग नळकांड्यासारखं असतं तर तिरकेपणाने फारसं बिघडलं नसतं. ३० सेंटिमीटर व्यासाच्या नळकांड्यावर टेप मागून ५ सेंटिमीटर खाली उतरली तरी घेर सुमारे साडेसहा मिलिमीटरच वाढतो. अंगावर मात्र तेवढ्यात जागाच बदलते. पुढून छातीचा सगळ्यांत भरलेला भाग आणि मागून त्याच्या कितीतरी खालची पाठ, असं एक माप तयार होतं आणि ते शरीराच्या कुठल्याच आडव्या रेषेचं नसतं. एकट्याने माप घेताना हे सारखं होतं, कारण पाठीवरची टेप दिसत नाही. मोबाइल टायमरवर लावून बाजूने आणि मागून एकेक फोटो घ्यावा. टेप जमिनीला समांतर आहे की नाही ते लगेच दिसतं.

एकट्याने घेताना आणखी एक अडचण. आकडा वाचायला मान खाली घातली की पाठीला पोक येतो, छाती आत जाते, पोट पुढे येतं, आणि आपण वाचतो ते वाचणाऱ्या शरीराचं माप. समोर बघत, नेहमीसारखा श्वास सोडून झाल्यावर टेप जिथे जुळते तिथे चिमटीत धरायची, काढून घ्यायची आणि मग वाचायची. श्वासाचाही वाटा मोठा आहे. पूर्ण आत घेतलेल्या आणि पूर्ण सोडलेल्या श्वासात मोठ्या माणसाच्या छातीचा घेर तीन ते पाच सेंटिमीटरने, कधी त्याहूनही जास्त बदलतो. खांद्याचं माप तर एकट्याने घेऊच नये. दोन्ही हात मागे नेले की खांदे आपली जागा सोडतात. तेवढ्यासाठी कुणाची तरी मदत घ्यावी.

टेपखाली दोन बोटं घालून माप घ्यायची सवय पुष्कळांना असते. मी तिच्या ठाम विरोधात आहे. अंगाचं माप अंगाचंच हवं. सैलपणा किती ठेवायचा हा वेगळा निर्णय आहे, तो नंतर आणि कापड बघून घ्यायचा. बोटं आधीच घातली तर शिवणारा वरून आपली ढिलाई धरतो आणि ती दोनदा पडते. शिवाय प्रत्येकाची बोटं वेगळ्या जाडीची. टेप अंगाला सगळीकडे टेकलेली हवी, पण कुठेही मांसात रुतलेली नको.

कागदावर छाती ९६ सेंटिमीटर असा आकडा येतो तेव्हा तो फार थोडं सांगतो. माझ्या ओळखीत छातीचा घेर जवळजवळ सारखा असलेल्या दोघी आहेत. एकीची पाठ रुंद, पोहून कमावलेली. दुसरीची पाठ अरुंद आणि भराव सगळा पुढे. पहिलीला दुसरीचा ब्लाउज पाठीत ताणतो आणि पुढे झोल पडतो, दुसरीला पहिलीचा पुढून बटणं ओढतो आणि मागे फुगतो. म्हणून घेराचे दोन भाग करून घ्यावे. काखेतून सरळ खाली जाणारी एक रेषा दोन्ही बाजूंना ठरवायची आणि पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा मोजायचा. ९६ मध्ये कुणाचे ५२ आणि ४४ असतात, कुणाचे ४७ आणि ४९. खांदा आणि मान जिथे मिळतात तिथून छातीच्या उंचवट्यावरून कमरेपर्यंतची पुढची उंची आणि तशीच मागची उंची, या दोन्ही घेतल्या की कापणाऱ्याला टक्स (उंचवट्याला आकार देणाऱ्या निमुळत्या चुण्या) किती खोल आणि कुठे घ्यायचे ते कळतं. घेर फक्त कापड किती लागेल ते सांगतो. ते कुठे लागेल हे उंचीची मापं सांगतात, आणि घरी नेमकी तीच गाळली जातात.

हे सगळ्यांत जास्त जाणवतं वयस्क माणसांचं माप घेताना. माझ्या आईची पाठ आता वरच्या भागात बरीच वाकली आहे. तयार गाऊन तिला छातीत, कमरेत, घेरात अगदी बरोबर येतो आणि तरी बसत नाही: मागचा काठ वर उचललेला, पुढचा पायात येणारा, आणि गळा मागे ओढला जाऊन समोरून घशाला लागणारा. वाकलेल्या पाठीवरून कापडाला लांबचा रस्ता कापावा लागतो आणि पुढे तो आखूड होतो, एवढंच त्याचं कारण. तिच्या मापात मागची उंची पुढच्यापेक्षा ठळक जास्त येते. पहिल्यांदा टेप लावली तेव्हा तिने विचारलं, “ताठ राहू का गं?” मी म्हटलं, “नको, नेहमी जशी असतेस तशीच राहा.” ते तिला पटायला वेळ लागला. आयुष्यभर माप द्यायचं म्हणजे ताठ उभं राहायचं हेच तिला ठाऊक होतं. त्या मापावर शिवलेल्या गाऊनमध्ये पाठीला उंची वाढवली, पुढून कमी केली, गळा थोडा पुढे आणला. आता ती चालताना पुढचा काठ हाताने उचलून धरत नाही. पडण्याची भीती असलेल्या वयात ही गोष्ट लहान नाही.

जे दिवसाचा बहुतेक वेळ बसून असतात, चाकाच्या खुर्चीत किंवा कामामुळे, त्यांची मापं बसूनच घ्यावीत. बसल्यावर सीटचा घेर वाढतो, मांडीचा वाढतो, पँटला मागून जास्त उंची लागते आणि पुढून कमी. कितीने, ते कुठल्या पुस्तकात शोधायला नको: उभं राहून एकदा आणि कडक खुर्चीवर बसून एकदा मोजा, फरक समोर येतो. आसनाची खोलीही बसूनच मिळते, कमरेच्या इलॅस्टिकपासून बाजूने खुर्चीच्या पृष्ठभागापर्यंत. पण ती खोली सारखी असूनही दोघांच्या पँटी वेगळ्या बसतात. म्हणून पुढून कमरेपासून दोन पायांमधून मागे कमरेपर्यंतचं पूर्ण मापही घ्यावं आणि पुढचा वाटा किती, मागचा किती हे खुणेने वेगळं करावं. बसल्यावर मागून उतरणाऱ्या पँटीला बहुतेक वेळा ही मागची बाजूच कमी पडलेली असते. कंबर घट्ट करून ती थांबत नाही. पायाच्या आतल्या लांबीसाठी भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, एक पुस्तक दोन पायांमध्ये अलगद वर सरकवून भिंतीला काटकोनात धरायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. मोहरी, म्हणजे पँटचा खालचा काठ, कुठे यावी हे पायात काय घालणार त्यावर ठरतं, ते वेगळं लिहायचं.

दुसऱ्याचं माप घेताना मी आकडा मोठ्याने वाचत नाही. ऐकून लिहिणारा तिसरा कुणी असेल तर कागदावर बोट ठेवून दाखवते. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळते, आणि टेप लावण्याआधी विचारते. नातेवाइकांसमोर जोरात उच्चारलेला कमरेचा आकडा कितीतरी जण वर्षानुवर्षं विसरत नाहीत. पुढच्या वेळी ते पोट आत घेऊन उभे राहतात आणि कपडा पुन्हा घट्ट होतो. चुकीच्या मापाचं हे कारण कुठल्या शिवणवर्गात शिकवत नसतील, पण मला ते सगळ्यांत खरं वाटतं. टेपने लाज वाटायला लावली की टेप खोटं सांगू लागते.

उजवं आणि डावं सारखं नसतं. ज्या हाताने काम करतो त्याचा दंड बहुधा जाड असतो, एक खांदा थोडा उतरलेला असतो. फरक एक सेंटिमीटरहून जास्त असेल तर दोन्ही बाजू लिहाव्यात. त्याहून कमी असेल तर मोठी बाजू धरून पुढे जावं.

लिहिण्याबद्दल दोन शब्द, कारण बरोबर घेतलेलं माप इथे येऊन बिघडतं. शिवणकामात इंच चालतो, इंचाचे आठ सूत चालतात, सव्वा-साडे-पावणे चालतात. बोलताना ते झटपट आहे. लिहिताना १४.६ असं लिहिलं की घोळ होतो: चौदा इंच सहा सूत, म्हणजे पावणेपंधरा, की दशांशातले चौदा पूर्णांक सहा? फरक जेमतेम ४ मिलिमीटर, पण चार तुकड्यांवर तो चार वेळा पडला की दीड सेंटिमीटर होतो. शक्यतो सेंटिमीटरमध्ये लिहावं. इंचातच हवं असेल तर अपूर्णांक स्पष्ट लिहावा. एक इंच म्हणजे नेमके २.५४ सेंटिमीटर, १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारापासून हे पक्कं आहे, त्यामुळे रूपांतराला अडचण नाही. टेपही एकदा स्टीलच्या पट्टीवर ठेवून तपासावी. कापडी टेप ताणून लांब होते आणि टोकाची धातूची पट्टी सैल झाली की शून्यच सरकतं. प्रत्येक माप दोनदा घ्यायचं. दोन्हींत एक सेंटिमीटरचा फरक आला तर तिसऱ्यांदा, आणि तिन्हींतलं मधलं धरायचं. शेजारी तारीख, वेळ, अंगात काय होतं ते. पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात आणि उंची संध्याकाळपर्यंत सुमारे एक-दोन सेंटिमीटरने कमी होते. जेवणानंतर पोट, महिन्यातल्या काही दिवसांत छाती आणि कंबर बदलते. सकाळचं एक माप आणि रात्रीचं दुसरं एकत्र ठेवून कपडा कापू नये.

सैलपणाचा निर्णय कसा घ्यायचा, याला माझ्याकडे एकच भरवशाचा उपाय आहे. कपाटातला असा कपडा काढा जो घातल्यावर त्याची आठवणही होत नाही. बटणं लावून तो टेबलावर सपाट पसरा, न ताणता काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. त्यातून आपल्या छातीचं माप वजा केलं की जे उरतं तो आपल्याला हवासा वाटणारा सैलपणा. कुणाला सहा सेंटिमीटर पुरतात, कुणाला बारा लागतात. टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडात हा आकडा शून्य किंवा त्याच्याही खाली जाऊ शकतो. न ताणणाऱ्या कापडात शून्यावर श्वाससुद्धा घेता येत नाही. म्हणून तुलना त्याच प्रकारच्या कापडाशी करायची. घरबसल्या खरेदी करतानाही हाच आकडा कामी येतो. काही तक्ते अंगाचं माप देतात, काही तयार कपड्याचं, आणि पुष्कळदा कुठलं ते ठळक लिहिलेलं नसतं. छाती १०४ हे अंगाचं असेल तर १०४ छातीच्या माणसाने तो घ्यावा. कपड्याचं असेल तर तो सहा-आठ सेंटिमीटरने बारीक माणसासाठी आहे.

मापं बरोबर निघाली की नाही हे शेवटी अंगावरच कळतं. महत्त्वाचा कपडा असेल तर मी आधी साध्या, जुन्या कापडाचा कच्च्या टाक्यांनी एक नमुना जोडते. तो घालून उभं राहायचं, बसायचं, हात पुढे करायचे, वाकायचं. पाठीवर आडव्या ताणलेल्या रेषा आल्या तर रुंदी कमी आहे. कमरेच्या वर आडवी सैल घडी साठली तर उंची जास्त आहे. तिरक्या चुण्या ज्या बिंदूकडे धावतात तिथे कापड अडलेलं असतं, बहुतेक वेळा छातीच्या टोकाकडे किंवा उतरलेल्या खांद्याकडे. तिथे उसवून, हवं तेवढं कापड मोकळं सोडून किंवा घडी घालून टाचणी लावायची, आणि टाचणीने सांगितलेला फरक वहीत त्या मापासमोर नोंदवायचा. जुना आकडा खोडायचा नाही, त्याच्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिहायचा. त्यानंतर खरं कापड धुवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं, म्हणजे आटायचं तेवढं आधीच आटेल, आणि मग कापायला बसायचं.